धमनीच्या मधोमध

१४ जुलै, सोमवार

आज सेंटरमध्ये नवं सॉफ्टवेअर बसलं. आतापर्यंत हृदयाचा सीटी आम्ही काढायचो आणि डेटा बंगळूरला पाठवायचो. तिथली माणसं धमन्यांची चित्रं करून परत पाठवायची. आता ते काम इथं बेळगावातच होणार आणि करणार मी. सर म्हणाले, "अनुराधा, सहा वर्षं बघतोय, तुझा हात स्थिर आहे. तूच शिक." सर आमचे रेडिओलॉजिस्ट. रिपोर्ट त्यांचा, सही त्यांची. त्यांनी दुपारचे दोन तास मला शेजारी बसवून शिकवलं.

संध्याकाळी कोगनोळीला घरी फोन करून आप्पांना सगळं सांगितलं. हृदयावरची धमनी नागमोडी असते. सरळ काप घेतला तर ती थोडी दिसते, मग बुडते, मग भलतीकडे वर येते. म्हणून तिच्या आतून ठिपके देत देत एक रेघ ओढायची. मग सॉफ्टवेअर त्या रेघेवरून कापत जातं आणि अख्खी धमनी एका पट्टीवर उलगडून ठेवतं.

आप्पांची सगळी हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली. ते जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे ओढ्याच्या कडंकडंनं चालत जायचं आणि मग आख्खा ओढा कागदावर सरळ मांडायचा, व्हय?"

"कडेनं नव्हे आप्पा, मधोमध."

"मधोमध चालायचं म्हंजे अवघड की गं," म्हणाले.

आईनं फोन घेतला आणि कागलच्या स्थळाचं विचारलं. मी पुन्हा धमनीचंच सांगितलं.

२३ जुलै, बुधवार

जमायला लागलंय. परवा एका बाईंची धमनी मध्येच चिमटीत धरल्यासारखी दिसली. मी घाबरून सरांना बोलावलं. त्यांनी रेघ मोठी करून दाखवली. ती मधून निघून भिंतीला चिकटली होती. ठिपका अर्धा मिलिमीटर आत ओढला आणि धमनी परत पूर्ण झाली. "रेघ चुकली की चित्र खोटं बोलतं," सर म्हणाले. "म्हणून मी नेहमी मूळ काप बघतो." त्यांचं बोलणं मला पाठ होतं.

३१ जुलै, गुरुवार

पाठ मोडली. आज हृदयाच्या पाच केसेस. सरांना चार वाजता धारवाडला व्याख्यानासाठी निघायचं होतं, म्हणून साडेतीनला सगळी चित्रं तयार हवी होती. झाली.

चौथे पेशंट बेळगुंदीचे भावकू अण्णा. वय सत्तेचाळीस, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, घरी भातशेती. चढ चढताना छातीत भरून येतं म्हणून डॉक्टरांनी पाठवलेलं. मी सांगितलं, औषध शिरेत गेलं की अंग गरम होईल, घाबरू नका. तर म्हणाले, "म्याडम, वीस वर्सं वितळलेल्या लोखंडाजवळ हुबा हाय. तुमच्या मशिनीनं काय गरम करून सोडतासा?" दार लावेपर्यंत सगळे हसत होते. त्यांच्या पत्नी जयाबाई बाहेर त्यांचा शर्ट आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसलेल्या.

त्यांच्या पुढच्या मोठ्या धमनीत सॉफ्टवेअरनं रेघ आपोआप ओढली आणि एका जागी 'रेघ तपासा' अशी पिवळी खूण दाखवली. फाटा फुटतो तिथंच कॅल्शियमचा खडा आहे. खड्यापाशी पिवळी खूण येतेच. मागच्या आठवड्यात दोनदा आली आणि दोन्ही वेळा रेघ बरोबर होती. रेघ मान्य केली. खड्याच्या पुढे धमनी इतकी स्वच्छ आणि गुळगुळीत निघाली की नमुना म्हणून ठेवावी. तीन वाजून वीस मिनिटांनी पाचही केसेस सरांच्या पडद्यावर. पावणेचारला पाचही रिपोर्टवर सह्या.

२ ऑगस्ट, शनिवार

भावकू अण्णांचा रिपोर्ट न्यायला तिघं आली होती. मुलगी ऋतिका कॉलेजात आहे. तिनं इंग्रजी वाचून आईला सांगितलं. लक्षणीय अडथळा नाही. तरी जयाबाईंचं समाधान होईना. सर नव्हते. त्या माझ्याकडे आल्या. "बाई, तुमीच सांगा. शेतात काम केलं तर चालंल काय?"

"चालेल की, आक्का," म्हटलं.

तिथंच त्यांनी डोळे पुसले. नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली आणि म्हणाल्या, "उगंच जीव टांगणीला लावलासा."

किती बरं वाटलं. मशीन चालवणाऱ्याला कोणी असं कधी विचारत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

भावकू अण्णा काल गेले. शेतात. भातातलं तण भांगलताना बांधावर बसले आणि उठलेच नाहीत.

ज्या दवाखान्यात नेलं होतं तिथल्या डॉक्टरांचा सकाळी फोन आला. तीन आठवड्यांपूर्वी हृदयाचा सीटी नॉर्मल होता असं घरचे म्हणतात, तो बघायला पाठवा. सर म्हणाले, "तयार चित्रं पाठव, पुरे." मी सीडी करायला बसले आणि सहज पूर्ण डेटा उघडला.

आता पुढचं लिहिता येत नाही. उद्या लिहीन.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहिते.

सॉफ्टवेअरनं ओढलेली रेघ फाट्यापर्यंत बरोबर आहे. खड्यापाशी ती मोठ्या धमनीतून निघून बाजूच्या लहान फांदीत शिरली. ती फांदी स्वच्छ होती. मोठी धमनी म्हणून मी जी गुळगुळीत पट्टी सरांपुढे ठेवली, तिचा खालचा अर्धा भाग त्या फांदीचा होता. खरी धमनी चित्रात आलीच नाही.

रेघ पुसली. एकेक काप पुढे सरकवत, हातानं ठिपके देत खड्याच्या पलीकडे गेले. सहाव्या ठिपक्यानंतर धमनी दोऱ्याएवढी झाली. एक सेंटिमीटरभर दोरा, मग परत रुंद. ठिपके हलवले. पट्टी फिरवली. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. चार वेळा. प्रत्येक वेळी दोरा.

वर्कस्टेशनच्या नोंदीत तो मूळ डेटा कालपर्यंत एकदाच उघडलेला दिसतो. ३१ जुलै, माझ्या नावानं. दुसरं कुणाचं नाव नाही. म्हणजे जे घडलं ते माझ्याच हातून.

२५ ऑगस्ट, सोमवार

सरांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी उठून दार लावलं आणि पाणी दिलं. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघितल्या.  मग म्हणाले, "हे आणखी कुणाला दाखवलंस?" नाही म्हटलं. "मृत्यू कशानं झाला हे आता कुणीच सांगू शकत नाही. तू त्रास करून घेऊ नकोस."

नंतर म्हणाले, झालं ते कागदावर उतरवून दे. ट्रेनिंगच्या फाइलला लागेल, पुढच्यांना शिकायला उपयोगी पडेल. रेघ मी मान्य केली, पिवळ्या खुणेकडे दुर्लक्ष केलं, चित्रं मी एकटीनं तयार केली, असं. मी लिहिलं, सही केली. सरांनी तारीख घालायला सांगितली. लिहून झाल्यावर थोडं हलकं वाटलं. दुसरे कुणी असते तर मला आजच काढलं असतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कालपासून आमचं जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. आईनं विचारलं, एकभुक्त धरलंस ना? धरलंय म्हटलं. खरं तर एकदासुद्धा जेवण जात नाही.

आप्पांना सगळं सांगितलं.  मधे एकच प्रश्न. "कागदावर सही एकट्या तुझीच घेतली व्हय गं?"

"चूक माझीच आहे आप्पा."

"ते न्हाय इचारलं मी. तुझी एकटीचीच काय?"

मला राग आला. वखारीत लोक एकमेकांना कागदात अडकवतात म्हणून सगळीकडे तेच चालतं असं नाही, म्हटलं. आप्पा म्हणाले, "बरं बाई." फोन ठेवल्यावर वाईट वाटलं.

३१ ऑगस्ट, रविवार

बेळगुंदीला गेले. सांगायचं ठरवून गेले.

जयाबाई सोप्यात बसल्या होत्या, कपाळ मोकळं. मला लगेच ओळखलं. "सीटीवाल्या बाई," म्हणाल्या आणि माझा हात धरून शेजारी बसवलं. वाटलं त्याच सगळं विचारतील, मग सांगणं सोपं होईल. त्यांनी विचारलं नाही. त्याच सांगायला लागल्या.

"मी मारलं गं त्यास्नी."

मला कळेना.

"शेवटचं आठ दिवस सारकं म्हणत हुते, जया, भरून आल्यागत व्हतंय. मी म्हटलं, रिपोर्ट सोच्छ हाय, कशाला ढोंग करतासा? भांगलण आली की बरोबर छातीत दुखतंय तुमच्या. त्या दिशी सकाळी बी म्हटलं. गडी मिळंना, पाणी लागलंय भाताला, आणि हे हातरुणावर पडून. हाताला धरून उठवलं मी. चहा बी घेतला न्हाय. गेले."

ऋतिका दारात उभी होती. ती वळून आत गेली.

"तिनं ऐकलंय सगळं," जयाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नऊ दिवस झालं, माझ्यासंगं एक शबूद बोलत न्हाय. बरोबर हाय तिचं. आई म्हणून काय बोलंल?"

मी तोंड उघडलं आणि काय म्हणाले तर, "तुमची चूक नाही आक्का." त्यांनी मान हलवली. गावातल्या सगळ्या बाया हेच म्हणून जात असतील. त्यांनी मला चहा दिला. मी प्यायला. दोन वाजताच्या बसनं परत आले.

३ सप्टेंबर, बुधवार

सरांनी दोन आठवडे रजा घ्यायला सांगितलं. सॉफ्टवेअरचा माझा पासवर्डही बंद केलाय, म्हणजे मी सारखी तोच डेटा उघडून बघत बसणार नाही. माझी काळजी आहे त्यांना. तरी विचारलं, सर, घरच्यांना कळवायला नको का? त्यांची बायको स्वतःला दोष देतेय. सर म्हणाले, "अनुराधा, दुःखात माणूस कुणाला ना कुणाला दोष देतोच. आज स्वतःला देतेय, उद्या तुला देईल. काय फरक पडतो?"

खोलीवर येऊन विचार केला. सर मोठे आहेत, त्यांनी पुष्कळ मरण बघितलंय. पण फरक पडतो. मुलगी बोलत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आज क्षमावणी. सकाळपासून फोनवर सगळ्या नातेवाइकांचे निरोप. कळत नकळत काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. आईनंही पाठवला, मीही तिला पाठवला. मग बेळगुंदीची बस धरली.

त्या परड्यात भांडी घासत होत्या. म्हटलं, "आक्का, हात धुवा आणि ऋतिकाला बोलवा. मला दोघींना सांगायचंय." ऋतिका आली. आईपासून लांब, चौकटीला टेकून उभी राहिली.

मी उभ्यानंच सांगितलं. चित्र करताना रेघ चुकून दुसऱ्या फांदीत गेली. मशीननं खूण दाखवली होती, मी बघून सोडून दिली. खऱ्या धमनीत अडथळा होता. मोठा होता. अण्णा ढोंग करत नव्हते. रिपोर्ट स्वच्छ नव्हता, आक्का. तुम्ही त्यांना जे म्हणालात ते माझ्या चित्रावर विसंबून म्हणालात.

 जयाबाईंच्या हाताला राख तशीच.

"परत सांग," म्हणाल्या.

परत सांगितलं. सगळं, पहिल्यापासून.

"तुला मी इचारलं हुतं. शेतात काम केलं तर चालंल काय म्हणून."

"हो."

"काय म्हटलीस तू?"

"चालेल की, म्हटलं."

"तस्संच म्हटलीस. हासत म्हटलीस." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कळलं कवा तुला?"

"तेवीस तारखेला."

"आणि परवाच्याला येऊन माझा चहा पिऊन गेलीस."

 क्षमा मागायचे शब्द सकाळपासून तोंडात घोळत होते. मागितले नाहीत. त्या बाईकडून आणखी काय घ्यायचं?

ऋतिका आत जाऊन रिपोर्टची फाइल घेऊन आली. चित्र काढून माझ्यापुढे धरलं. "कुठं?" मी फाट्याची जागा दाखवली. ती ते बघत बघत खाली बसली. आईच्या शेजारी. तिला हात लावला नाही, पण शेजारी बसली. जयाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मग मला म्हणाल्या, "जा आता. बस चुकंल."

११ सप्टेंबर, गुरुवार

सरांचा फोन आला, ताबडतोब ये. गेले तर केबिनमध्ये जयाबाई आणि ऋतिका. सरांनी टेबलावर माझा कागद ठेवला होता, २५ तारखेचा.

"ह्या मुलीनं लेखी कबूल केलंय," सर त्यांना सांगत होते. "चूक पूर्णपणे तिची. आम्ही तिला आजपासून कामावरून कमी करतोय. आम्हालाही फार वाईट वाटतंय, बाई."

ऋतिकानं कागद मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर जयाबाईंनी पिशवीतून रिपोर्ट काढून तिच्या हातात दिला. "ह्यावर हिचं नाव कुठं हाय बघ."

"नाही आई. सही डॉक्टरांची आहे."

"मग तुमी काय बघून सही केलासा?"

सर ऋतिकाकडे वळून इंग्रजीत काहीतरी भराभर सांगू लागले. जयाबाईंनी टेबलावर तळहात ठेवला. "माझ्यासंगं बोला. नवरा माझा हुता."

सर मराठीत म्हणाले, डॉक्टर तयार चित्रांवर विसंबतो, सगळीकडे तशीच पद्धत आहे. ऋतिकानं माझ्याकडे बघून विचारलं, "त्यांनी मूळ स्कॅन बघितला होता का?" मला विचारलं म्हणून मी माहीत होतं तेवढं सांगितलं. रिपोर्टवर सही होईपर्यंत नोंदीत तो एकदाच उघडलेला आहे, माझ्या नावानं. सर एकदम खुर्चीत मागे टेकले. मला त्यांना गोत्यात आणायचं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं.

बाहेर पडताना सर म्हणाले, "मी तुला शेजारी बसवून शिकवलं, आणि तू हे केलंस."  शिकवलं होतं, खरंच.

जयाबाई जिन्यावरून माझ्या पुढे उतरत होत्या. एक पायरी चुकली तेव्हा ऋतिकानं त्यांचा दंड धरला आणि खालपर्यंत सोडला नाही. 

१३ सप्टेंबर, शनिवार

खोली सोडली. आप्पा स्वतः न्यायला आले. निपाणी मागे पडलं. मग एकदम म्हणाले, "कागदाचं बोललो ते चुकलं माझं." मी म्हटलं, नाही चुकलं. का म्हटलं ते मलाच नीट ठाऊक नाही. त्यांनी माझी बॅग मांडीवर घेतली आणि कोगनोळी येईपर्यंत धरून बसले.

२८ सप्टेंबर, रविवार

दुपारी जयाबाईंचा फोन आला. माझा नंबर ऋतिकानं कुठून मिळवला कोण जाणे.

म्हणाल्या, तक्रार दिली. "डॉक्टरचं नाव घातलंय. तुझं बी घातलंय. घालायलाच पायजे हुतं."

"हो आक्का. विचारायला बोलावतील तेव्हा येईन. जे आहे ते सांगेन."

"सांगशील ते ठाऊक हाय."

 वाटलं फोन कटला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता म्हणून कळलं, आहेत.

"एक इचारायचं हुतं," म्हणाल्या. "ऋतिका घरात न्हाय म्हणून आत्ता केला फोन. ते शेवटचं आठ दिवस. मी उठवत हुतो, ते जात हुते. तवा लई दुखलं असंल काय गं त्यास्नी?"

मला सांगता आलं असतं. एखाद्याला काहीच जाणवत नाही, आक्का. असंही असतं, मी तशा केसेस बघितल्यात. ते खोटंही ठरलं नसतं. माझ्या तोंडून एकदा त्या बाईनं हवं ते ऐकलं होतं.

"हो," म्हटलं. "दुखलं असणार. चालताना जास्त."

"म्हंजे खरंच दुखत हुतं."

"खरंच दुखत होतं."

"आणि तसंच भांगलत हुते."

"हो आक्का."

त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा, केबिनमध्ये, कुठंच त्या रडल्या नव्हत्या. आज मोठ्यानं, लहान पोरासारख्या रडल्या. मधेच अण्णांचं नाव घेत होत्या. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत त्यांच्याकडे. त्या घेत होत्या.  आई दारातून डोकावली, मी तिला हातानं थांबवलं. त्या ठेवतील तेव्हाच फोन ठेवायचा, आधी नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

बराच वेळ त्यांनी ठेवला नाही.